जग अस्वस्थ असताना डोळे मिटून काय बसायचं? विपश्यना शिबिराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इगतपुरीच्या केंद्रात विपश्यनेचं दहा दिवसांचं मौन ध्यानशिबिर करून परत आलेल्या माणसाला पुढचे काही आठवडे लोक गाठून गाठून विचारत राहतात. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपवर. त्यातले सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लिहिणारा जुना साधक, म्हणजे आधी शिबिर केलेला माणूस आहे. शिक्षक नाही, केंद्राचा प्रवक्ताही नाही. तेव्हा नियम सांगितलेत ते केंद्राचे आणि मतं मांडलीत ती माझी.

बातम्या बघितल्या की छातीत धडधडतं. युद्ध, नोकरकपात, कुठे पूर, कुठे दंगल. दहा दिवस बसून हे थांबणार का?

बाहेरचं काहीही थांबणार नाही. अकराव्या दिवशी सकाळी फोन परत हातात येतो तेव्हा जग होतं तिथेच असतं, उलट दहा दिवसांच्या बातम्या साठलेल्या असतात.

शिबिरात काम चालतं ते धडधडीवर. भीती, राग, घालमेल हे सगळं मनात आलं असं आपण म्हणतो, पण नीट पाहिलं तर ते त्याच वेळी शरीरातही उमटलेलं असतं. छातीत ठोके, कानशिलं गरम, पोटात गोळा. ते नकोसं वाटलं की आपण पळतो. कोणी फोनवर अजून बातम्या बघतो, कोणी फरसाणाचा डबा उघडतो, कोणी बायकोवर किंवा नवऱ्यावर डाफरतो. शिबिरात या सगळ्या पळवाटा बंद असतात. जे उमटलंय ते बघायचं, त्याला हाकलायचं नाही आणि कुरवाळायचंही नाही. एवढंच शिकवतात, आणि एवढंच दहा दिवसांत धड जमत नाही.

संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या सल्ल सुत्तात बुद्धांनी बाणाचा दाखला दिला आहे. अजाण माणसाला एक बाण लागतो आणि पाठोपाठ दुसरा. पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर केलेल्या शोकाचा. जाणत्यालाही पहिला बाण लागतोच, पण दुसरा लागत नाही. विपश्यनेत जे काही आहे ते या दुसऱ्या बाणाबद्दल आहे.

नेमकं करायचं काय असतं?

पहिले तीन दिवस आणि चौथ्याचा काही भाग आनापान. म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा. श्वास मोठा करायचा नाही, मोजायचा नाही, त्याला नाम किंवा मंत्र जोडायचा नाही. हा प्राणायाम नव्हे. सोपं वाटतं ना? पाच श्वास सलग लक्षात राहिले तरी पुष्कळ.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत मन क्रमाने फिरवायचं आणि जिथे जी संवेदना असेल ती जाणायची: खाज, ऊब, मुंग्या, जडपणा, ठणका, कधी नुसती सूक्ष्म सळसळ. सुखद आली म्हणून धरायची नाही, दुखरी आली म्हणून ढकलायची नाही. ‘अनिच्च’, म्हणजे अनित्य, हा पाली शब्द तिथे सारखा कानावर पडतो. जे उगवतं ते मावळतं, हे अनुभवून बघायचं. दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात, म्हणजे सगळ्यांसाठी सद्भावना. ती शेवटी ठेवली आहे हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आधी स्वतःच्या मनातला कचरा बघून झालेला असतो, त्यामुळे ‘सगळे सुखी होवोत’ हे वाक्य तोंडदेखलं राहत नाही.

दिवस कसा जातो?

पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता. आठ ते नऊ सामूहिक बैठक, पुढे अकरापर्यंत ध्यान, अकराला जेवण. बाराला आचार्यांना भेटून शंका विचारता येतात. एकपासून पाचपर्यंत पुन्हा ध्यान, त्यातला अडीच ते साडेतीन हा तास सामूहिक. पाचला चहा. सहा ते सात बैठक, सातला प्रवचन, त्यानंतर थोडं ध्यान आणि साडेनऊला दिवे बंद. बेरीज केलीत तर बसणं दहा तासांच्या वर जातं.

प्रवचन आणि सूचना ही शिबिरं भारतात सुरू करणारे सत्यनारायण गोयंका यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित असतात. त्यांचं निधन २०१३ साली झालं, पण संध्याकाळी सातला सभागृहात त्यांचंच हिंदी ऐकू येतं. भाषा सोपी, मधूनमधून दोहे, आणि विनोदाची जाण चांगली. दिवसभर गुडघे चोळलेल्या माणसाला तो तास सणासारखा वाटतो.

खरंच दहा दिवस बोलायचं नाही?

साधकांनी आपसात नाही. खाणाखुणा, चिठ्ठ्या, डोळ्यांनी हसणंही नाही. याला आर्यमौन म्हणतात आणि ते दहाव्या दिवशी सकाळी सुटतं. आचार्यांशी साधनेबद्दल आणि व्यवस्थापकांशी अडचणीबद्दल बोलता येतं. पुस्तक, वही, फोन आधीच जमा करावे लागतात. बोलघेवड्यांना याची उगीच भीती वाटते; मौन बहुतेकांना आवडतं. दहाव्या दिवशी जो गलका होतो तोच जास्त त्रासाचा.

शांतीचं समजू शकतो. पण धैर्य? डोळे मिटून बसल्याने कोणी शूर होतो का?

शूर होतो असं मी म्हणणार नाही. पण चौथ्या दिवसानंतर तिन्ही सामूहिक बैठकांना एक अट लागते: तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, मांडी मोडायची नाही. याला अधिष्ठान म्हणतात. अर्धा-पाऊण तास झाला की गुडघा कुरकुरायला लागतो, मग ओरडायला. त्या वेळी मनात तयार होणारी वाक्यं ऐकण्यासारखी असतात. ‘पाय कायमचा जाणार.’ ‘शीर आखडली तर इथे डॉक्टर आहे का?’ ‘ही सगळी माणसं वेडी आहेत.’ वेदना एवढीशी, तिच्यावर रचलेलं महाभारत केवढं! न हलता बघत राहिलं तर कधीतरी ध्यानात येतं की ती वेदना सलग नाही. ठणका येतो, विरतो, जागा बदलतो. बैठक संपते, मांडी सुटते आणि थोड्या वेळात पाय होता तसा. ज्याला अगदीच अशक्य होतं त्याने पाय हलवला तर कोणी रागवत नाही. हा छळ नाही, सराव आहे.

आता हे बाहेरच्या जगात लावून बघा. साहेबांना सांगायचंय की या बिलावर मी सही करणार नाही. सोसायटीच्या सभेत एकट्यालाच विरोधात हात वर करायचाय. बायोप्सीचा रिपोर्ट उघडायचाय. घशाला कोरड, तळहाताला घाम, पोटात तोच गोळा. अशा वेळी आपण माघार घेतो ती फार विचार करून घेतो असं मला वाटत नाही. तो गोळा सहन होत नाही, म्हणून घेतो. सही केली की गोळा जातो. हात खाली घेतला की घाम थांबतो. नंतर मग त्या माघारीला ‘व्यवहार’ वगैरे नावं देतो.

ज्याने त्या गोळ्याकडे तासन्‌तास बघितलंय, त्याला गोळा पोटात असतानाही ‘नाही’ म्हणता येण्याची शक्यता वाढते. थोडीच वाढते. भीती जात नाही, पण तिचं ऐकलंच पाहिजे ही सक्ती सैल होते. माझ्या मते शांती आणि धैर्य या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. अप्रिय संवेदना असताना जागचं न हलणं, हे घरात बसून केलं तर लोक त्याला शांती म्हणतात आणि चारचौघांत केलं तर धैर्य.

हा पळपुटेपणा नाही का? जग पेटलेलं आणि तुम्ही डोंगरात जाऊन बसलात?

ज्यांच्यामुळे ही विद्या आपल्याकडे परत आली त्यांची आयुष्यं बघा. गोयंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशातले सरकारी अधिकारी. १९४८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथले पहिले महालेखापाल. हिशेबतपासणीचं खातं, म्हणजे भ्रष्टाचाराशी रोजची गाठ. त्यांनी कार्यालयातच कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवायला सुरुवात केली आणि १९५२ साली रंगूनला केंद्र काढलं. नोकरी सोडून जंगलात गेले नाहीत. एका वेळी अनेक खात्यांची जबाबदारी सांभाळत राहिले. त्यांचे गुरू सया तैजी हे शेतकरी होते.

गोयंका १९२४ साली मंडाले इथे मारवाडी कुटुंबात जन्मले. मोठे व्यापारी झाले, आणि अर्धशिशीने हैराण. डॉक्टर मॉर्फिन देत आणि त्याचीच सवय लागते की काय ही भीती. ऊ बा खिन यांनी त्यांना आधी परत पाठवलं: डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका. १९५५ साली ते शिबिराला बसले. पुढे १९६०च्या दशकात लष्करी राजवटीने ब्रह्मदेशातले उद्योगधंदे ताब्यात घेतले, त्यात त्यांचेही गेले. १९६९ साली ते भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. सगळं गमावलेल्या व्यापाऱ्याने दुसऱ्या देशात नव्याने काम उभं केलं. याला पळणं म्हणता येईल का ते तुम्ही ठरवा.

पळपुटे साधक नसतात असं मात्र नाही. घरातलं भांडण मिटवायचं सोडून वर्षातून तीनदा शिबिराला जाणारे मी पाहिलेत. ते तिथे बसून काय बघतात कोण जाणे.

शिबिरात सांगतात समता (म्हणजे मनाचा तोल) ठेवा, समता ठेवा, म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसायचा असंच ना?

हा प्रश्न महाराष्ट्रात जास्त धारदारपणे विचारला जातो, आणि विचारला जायलाच हवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला तो माणसासारखं जगण्यासाठी. त्या परंपरेतल्या अनेकांना वाटतं की दुःखाचं मूळ आपल्याच तृष्णेत आहे असं सांगत बसलं की ते दुःख लादणारी व्यवस्था मोकळी सुटते. दुसरीकडे त्याच समाजातले हजारो लोक वर्षानुवर्षं शिबिरांना बसतात आणि चळवळीतही असतात. दोन्ही बाजूंचे लोक एकाच घरात जेवायला बसलेले मी पाहिले आहेत, आणि वाद काही मिटलेला नाही.

माझं मत असं: आक्षेपात तथ्य आहे. शिबिरात तुम्हाला समाजशास्त्र शिकवत नाहीत. पाण्याचा टँकर तुमच्या वस्तीत का येत नाही हे संवेदना बघून कळणार नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीत जाऊन कागद मागावे लागतात. साधनेचा उपयोग झालाच तर तो कागद मागायला पाचव्यांदा जाताना होतो, जेव्हा समोरचा कारकून मुद्दाम बसवून ठेवतो आणि तुम्हाला ओरडायचंही नसतं आणि परतही फिरायचं नसतं. समता ठेवायची ती आतल्या संवेदनेशी. अन्यायाशी समता ठेवा असं मला तिथे कोणी शिकवलं नाही. पण तसा सोयीचा अर्थ काढणारे वरिष्ठ आणि मालक भेटतात, त्यांच्यापासून सावध राहा.

तुरुंगातही शिबिरं होतात हे खरं का?

खरं आहे. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात झालं. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी एका शिबिराला बसले. तेव्हा किरण बेदी तिथल्या महानिरीक्षक होत्या. आपल्याकडे नाशिकच्या मध्यवर्ती कारागृहातही शिबिरं झाली आहेत. तिथल्या कैद्याला पळून जाण्याचा रस्ताच नसतो, आणि समोर आपण केलेलं कृत्य. आपल्या गुडघेदुखीचं कौतुक करताना हे आठवलेलं बरं.

बौद्ध व्हावं लागतं का? मी माळकरी आहे, तुळशीची माळ काढायला लावतील?

बौद्ध व्हावं लागत नाही. सभागृहात जैन, मुसलमान, ख्रिस्ती, नास्तिक सगळे असतात. ख्रिस्ती नन आणि पाद्रीही येऊन गेलेत. पण तेवढ्या दिवसांपुरती पूजा, जप, नामस्मरण, उपास, योगासनं बाजूला ठेवायला सांगतात. कारण दोन पद्धतींची सरमिसळ झाली तर कशाचा परिणाम कशामुळे ते कळत नाही. नियमावलीत जपमाळा, ताईत, गंडे बरोबर आणू नयेत असं आहे. गळ्यातल्या तुळशीच्या माळेचं मात्र वारकऱ्याला विशेष असतं, ती सहजी उतरवत नाहीत. तेव्हा अर्ज करतानाच केंद्राला स्पष्ट विचारा आणि पटलं तर जा. दहा दिवस नाम बंद ठेवणं जिवावर येत असेल तर जाऊ नका. त्यात कमीपणा नाही. तुमच्याकडे तुमची वाट आहे.

पाच शीलं मात्र सगळ्यांना पाळावी लागतात: हिंसा नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं नाही, नशा नाही. तंबाखूची पुडीही नशेत येते. तंबाखूवाल्यांचे पहिले तीन दिवस कठीण जातात.

फी किती?

काही नाही. शिकवण्याचे, राहण्याचे, जेवणाचे पैसे घेत नाहीत. खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो, आणि दानही शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच स्वीकारतात. आचार्यांना मानधन नसतं. वाढणारे आणि घंटा वाजवणारे धम्मसेवकही बिनपगारी. तेव्हा ‘विपश्यना पॅकेज’ म्हणून कोणी हजारो रुपये सांगितले तर ते वेगळं दुकान समजा.

कोणी जाऊ नये?

हा प्रश्न लोक सर्वांत कमी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्जात शारीरिक आणि मानसिक आजारांबद्दल, चालू औषधांबद्दल विचारतात. ते लपवू नका. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य, झटके अशा आजारात हे शिबिर झेपेलच असं नाही, आणि केंद्र प्रवेश नाकारू शकतं. राग मानू नका. दहा तास मौनात स्वतःच्या मनाशी बसणं ही निरोगी माणसालाही जड जाणारी गोष्ट आहे. जुन्या भीती उसळतात, झोप उडते. मानसोपचारतज्ज्ञाची गोळी शिबिरासाठी मनाने बंद करणं तर धोक्याचंच. आणि ती गोळी घेणारा माणूस कमकुवत असतो ही समजूत कृपा करून सोडा. उपचार चालू ठेवायलाही धैर्यच लागतं.

नुकताच कोणी गेला आहे, घटस्फोट चालू आहे, जीव नकोसा झाला आहे, अशा वेळी ‘जा इगतपुरीला, बरं वाटेल’ असा सल्ला सर्रास देतात. मी देत नाही. त्या वेळी माणसं जवळ हवीत. जीव द्यावासा वाटत असेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. शिबिर नंतर कधीही करता येईल.

अर्ध्यातून पळून यावंसं वाटतं म्हणे?

वाटतं. बहुतेकांना दुसऱ्या आणि सहाव्या दिवसाच्या आसपास. गेटवर कोणी साखळी लावून बसलेलं नसतं, पण जायचं ठरवलंत तर आचार्यांशी बोलून जा. सुरुवातीलाच पूर्ण दहा दिवस राहण्याची तयारी विचारतात ती यासाठीच.

गुडघे दुखतात, मधुमेह आहे, रात्रीचं जेवण नाही म्हणतात?

गुडघेदुखी असेल तर खुर्ची मिळते. भिंतीला टेकायची सोय आचार्यांना विचारून होते. जेवण साधं शाकाहारी. संध्याकाळी नव्या साधकांना चहा, फळं, थोडे मुरमुरे वगैरे. जुन्यांना दुपारी बारानंतर खाणं वर्ज्य, ते लिंबूपाण्यावर. मधुमेह अर्जात लिहा, वेळच्या वेळी खाण्याची सोय करतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

इगतपुरीलाच जावं लागतं का?

नाही. १९७६ साली सुरू झालेलं तिथलं धम्मगिरी केंद्र मोठं आणि नावाजलेलं, म्हणून नाव तेच निघतं. कसारा घाट चढून गेलं की स्टेशनपासून जवळच. पावसाळ्यात तिथे कपडे वाळत नाहीत, एक जोड जास्त न्या. पण नागपूर, पुणे, नाशिक, धुळे, मनमाड, बेलापूर, कोल्हापूरजवळ आळते अशा ठिकाणीही केंद्रं आहेत आणि शिकवण सगळीकडे एकच. मुंबईत गोराईला २००९ साली खुला झालेला पॅगोडा आहे. मधे एकही खांब नसलेल्या त्याच्या घुमटाखाली सुमारे ८,००० माणसं बसू शकतात. पण तिथे सहलीला जाऊन येणं म्हणजे शिबिर नव्हे.

परत आल्यावर किती दिवस टिकतं?

सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसलात तर टिकतं. तेवढं सांगतात आणि तेवढं फार थोडे करतात. लोकलने दोन तास जाणाऱ्याला, लहान मूल असलेल्या बाईला हे दोन तास कुठून मिळणार? मी म्हणतो, सकाळचा एक तरी सांभाळा. तोही नाही जमला तर झोपण्यापूर्वी आडवं पडल्यावर पाच मिनिटं. चिडचिड झाली की शरीरात कुठे काय होतंय एवढं बघायची सवय राहिली तरी घरचे फरक सांगतात. तुम्हाला स्वतःला तो दिसेलच असं नाही.

रजा कशी मिळवायची? घरी काय सांगून जायचं?

शिबिर दहा दिवसांचं असलं तरी आदल्या दिवशी दुपारी पोचावं लागतं आणि सुट्टी अकराव्या दिवशी सकाळी, म्हणजे बारा दिवस धरा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी विपश्यनेच्या रजेची सवलत शासन निर्णयाने दिलेली आहे. अटी आस्थापना शाखेत विचाराव्यात. खाजगी नोकरीत साहेबांच्या मर्जीवर. घरी केंद्राचा फोन नंबर लिहून ठेवा आणि नीट समजावून सांगा की तातडीचं काही झालं तर तिथे फोन केला की निरोप तुमच्यापर्यंत पोचवतात, एरवी मात्र तुमचा फोन बंदच लागणार. विजेचं बिल, मुलांची फी, आईची औषधं आधी भरून-आणून ठेवा. नाहीतर चौथ्या दिवशी श्वासाऐवजी तेच दिसत राहतं.